तांड्याची बोली आणि मराठीचा न्याय

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव आणि मानोरा या तालुक्यांत बंजारा समाजाचे अनेक तांडे आहेत. तांड्यातील मूल घरी आईला ‘याडी’ म्हणते. खेडवळ मराठीत त्याच उच्चाराचा शब्द वेड्या बाईला लावतात. पहिलीच्या वर्गात पाऊल टाकणाऱ्या या मुलाचा सर्वांत जवळचा शब्दच हास्यास्पद ठरण्याचा धोका असतो. भाषेचा प्रश्न केवळ विद्वानांच्या चर्चेचा नाही. कोणाचा शब्द शुद्ध आणि कोणाचा गावंढळ हे ठरवण्याची सत्ता कोणाकडे आहे, असा तो प्रश्न आहे.

गोरमाटी बोलीतील शब्द हे आर्थिक इतिहासाचे दस्तऐवजच होत. ‘लदेणी’ म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून दूरदेशी केलेला व्यापार. ‘बाळद’ म्हणजे त्या व्यापाराचा आधार असलेला बैल. बैलांसह वाटचाल करणारा समूह तो ‘तांडा’. पुढे पक्के रस्ते झाले, १८६७ साली वऱ्हाडातून नागपूरपर्यंत आगगाडी पोचली आणि लदेणीचे कंबरडे मोडले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटकणाऱ्या समूहांकडे संशयाने पाहण्याची रीत रूढ केली. तो कलंक कायद्याच्या पुस्तकातून पुसला गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. चालता समूह थांबला, पण शब्द टिकला. गोरमाटीत ‘तांडा’ म्हणजे आज स्थिर वस्ती. मराठीत मात्र तो अजूनही चालतोच आहे. एका शब्दाच्या या दोन अर्थांमध्ये एका समाजाच्या उपजीविकेचा ऱ्हास सामावलेला आहे.

‘गोर’ म्हणजे आपला माणूस आणि ‘कोर’ म्हणजे तांड्याबाहेरचा. नायकाच्या पुढाकाराने न्यायनिवाडा करणारी बैठक ती ‘नसाब’. या शब्दांचे अकारण उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. नसाब परंपरेने पुरुषांचीच राहिली, हेही तो शब्द सांगतो. परंतु जे बदलायचे त्याचे नाव आधी माहीत असावे लागते.

अशा भाषेची शासनदरबारी नोंद कशी आहे? ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाने १९०७ साली तिची वेगळी दखल घेतली होती. २०११ च्या जनगणनेत मात्र ‘लमाणी-लंबाडी’ ही मातृभाषा सांगणारे ३२ लाखांहून अधिक आणि ‘बंजारी’ सांगणारे १५ लाखांहून अधिक लोक ‘हिंदी’ या शीर्षकाखाली जमा धरले गेले. म्हणजे मालेगावच्या तांड्यातील म्हातारी, जिने हिंदीचे पुस्तक कधी उघडले नाही, ती आकडेवारीत हिंदीभाषक ठरते! ज्यांची गणना दुसऱ्याच्या खात्यावर मांडली जाते, त्यांच्यासाठी ना पाठ्यपुस्तक निघते, ना शिक्षक नेमला जातो.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतील नेब्रास्का राज्याचे नाव तेथील ओमाहा आणि पोंका या आदिवासींच्या भाषेतून आले. त्याचा मूळ अर्थ ‘सपाट पाणी’, म्हणजे संथ पसरट नदी. सत्तेने नदीचा तो शब्द नकाशावर कोरला. परंतु १८७७ साली पोंकांना त्यांच्या भूमीवरून हाकलले आणि आदिवासी मुलांना निवासी शाळांत कोंडून त्यांची मातृभाषा दंडनीय ठरवली. आज ती भाषा अस्खलित बोलणारे मोजकेच वृद्ध उरले आहेत. शब्द शोभेला ठेवायचा आणि बोलणाऱ्याला मुका करायचा, ही सत्तेची जुनी रीत आहे.

या बाबतीत महाराष्ट्राचे वर्तन सुसंगत आहे काय? हे राज्य १९६० साली मातृभाषेच्या तत्त्वावरच उभे राहिले आणि त्या लढ्यात समाजवादी अग्रभागी होते. २०२५ साली पहिलीपासून हिंदीचा निर्णय झाला तेव्हा कोवळ्या मुलावर परक्या भाषेचे ओझे नको, असे म्हणत महाराष्ट्र उठला आणि २९ जूनला शासनाला माघार घ्यावी लागली. तो युक्तिवाद योग्यच होता. मग तांड्यातील मुलाच्या बाबतीत तो लागू होत नाही काय? त्याच्यासाठी प्रमाण मराठी हीच पहिलीतली परकी भाषा असते. इंग्रजीच्या वर्चस्वाविरुद्ध डॉ. लोहियांचा दाखला देणाऱ्यांनी मराठीच्या वर्चस्वाकडे डोळेझाक करणे शोभत नाही.

बोलीत शिकवले तर मुले तांड्यातच अडकून पडतील, असा आक्षेप घेतला जातो. तो मांडणाऱ्यांत तांड्यातील शिकलेले पालकही असतात, म्हणून त्याचा आदरपूर्वक विचार केला पाहिजे. परंतु मागणी मराठी काढून टाकण्याची नाही. पहिली दोन वर्षे ‘याडी’वरून ‘आई’कडे जाण्याचा पूल बांधावा, एवढीच ती आहे. अल्पसंख्य भाषक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे घटनेचे कलम ३५०-अ १९५६ पासून सांगत आहे.

कार्यकर्त्यांपुढे तीन कामे आहेत. २०२७ च्या जनगणनेपूर्वी तांड्यातांड्यांत बैठका घेऊन मातृभाषेच्या रकान्यात कोणते एक नाव सांगावयाचे हे लोकांनाच ठरवू द्यावे, आणि ती गणना हिंदीखाली न मांडता स्वतंत्र प्रसिद्ध व्हावी यासाठी शासनाकडे आग्रह धरावा. तांड्यावरील शाळांत गोरमाटी जाणणारे शिक्षक प्राधान्याने नेमावेत, अशी मागणी जिल्हा परिषदेकडे लावून धरावी. आणि ऊसतोडीहून माणसे परततील तेव्हा वृद्धांकडून लदेणीचे, शेतीचे, औषधी वनस्पतींचे शब्द अर्थासह वह्यांत उतरवून घ्यावेत. या कामाला अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. त्यासाठी ‘कोर’ माणसाने तांड्यात जाऊन ऐकत बसण्याची तयारी ठेवावी लागते.