गोरोबाकाकांच्या जिल्ह्यात सुरांचा दुष्काळ

परिपाठाची वेळ. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचे प्रांगण. मुले रांगेत उभी आहेत. गुरुजी आपल्या भरदार, खर्जाकडे झुकणाऱ्या आवाजात प्रार्थना सुरू करतात. ती पट्टी प्रौढ पुरुषाच्या गळ्याची. सात वर्षांच्या कोवळ्या गळ्याला ती पेलत नाही. मग काही मुले पुटपुटतात, काही ओरडतात आणि त्या ओरडण्यालाच 'खणखणीत आवाज' म्हणून शाबासकी मिळते. जेथे एवढेही होत नाही, तेथे ध्वनिवर्धकाला मोबाईल जोडला जातो. राष्ट्रगीत असो वा २०२३ साली राज्यगीताचा मान मिळालेले 'जय जय महाराष्ट्र माझा' असो, गाते ते यंत्र. मुले फक्त उभी राहतात. यात गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही. मुलांकडून गाऊन कसे घ्यावे, हे त्यांना कोणी शिकविलेच नाही.

हे चित्र महाराष्ट्रात कोठेही दिसेल. पण ते धाराशिव जिल्ह्यात दिसावे, याची खंत अधिक आहे. ज्या तुळजापुरात आई भवानीच्या दारी संबळाचा कडकडाट आणि तुणतुण्याची तार शतकानुशतके थांबलेली नाही, जेथे नवरात्रात आराधी मंडळींच्या गाण्यांनी रस्ते भरून जातात, ज्या तेरच्या मातीत संत गोरोबाकाका नांदले, तो हा जिल्हा. येथील खेड्याखेड्यांत भजनी मंडळ आहे, मंदिरात पखवाज आणि पेटी आहे. गोंधळ्याच्या घरातले चार वर्षांचे पोर आजोबांच्या मांडीवर बसून ठेका धरते. तेच पोर सहाव्या वर्षी शाळेत जाते आणि त्याच्या अंगी असलेली ही विद्या शाळेच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. घरी जे कलावंत, ते शाळेत 'अप्रगत'! भटक्या जमातीतील मुलांना शाळेची गोडी का लागत नाही, यावर परिसंवाद झडतात. पण त्यांच्या हातातला ठेका वर्गात आणावा, असे कोणाला सुचत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहावे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिनियम २००९ साली झाला. त्याच्या परिशिष्टात कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे. मात्र ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी आणि तीही शंभरांहून अधिक मुले असतील तरच. पहिली ते पाचवीसाठी केवळ पटसंख्येनुसार शिक्षक. साठ मुलांपर्यंत दोन. म्हणजे ज्या वयात कान घडतो, गळा लवचीक असतो आणि गाण्याची लाज नसते, नेमक्या त्याच वयासाठी कायद्याने संगीताचा शिक्षक दिलेला नाही. वाडी-वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेतले मूल चौथी संपवून बाहेर पडते, ते गाण्याच्या तासावाचूनच. त्यातही आपल्याकडे 'कलाशिक्षक' म्हणजे चित्रकलेचे शिक्षक, ही समजूत पक्की. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कलाशिक्षण सक्तीचे असावे, असे सांगितले होते. त्यानंतर केंद्रात आणि राज्यात सरकारे आली, गेली, रंग बदलले. खेड्यातल्या शाळेत पेटी काही आली नाही.

आणि वाट दाखविणारे कोणी नव्हते, असेही नाही. सयाजीराव गायकवाडांनी १८८६ साली बडोद्यात मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपविली. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडून दरबारातले गाणे सामान्य घरांतल्या मुलामुलींपर्यंत नेले. भातखंडे यांनी स्वरलिपी बसवून क्रमिक पुस्तके लिहिली, ती संगीत वर्गात शिकविता यावे म्हणूनच. संगीत शाळेत कसे शिकवावे, हे ज्या मराठी माणसांनी साऱ्या देशाला शिकविले, त्यांच्याच महाराष्ट्रात प्राथमिक शाळा मुकी आहे.

मराठवाड्याला तर गाण्याचे मोल इतरांहून अधिक ठाऊक असायला हवे. १९३८ साली निजामाच्या राज्यात औरंगाबादच्या आणि उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' गाण्याचा हट्ट धरला. गाणे थांबवा, नाही तर वसतिगृह आणि महाविद्यालय सोडा, असा तो प्रसंग. शेकडोंनी शिक्षण सोडले, गाणे सोडले नाही. पुढे पंतप्रधान झालेल्या पी. व्ही. नरसिंह राव यांनाही याच कारणाने नागपूर विद्यापीठाचा आसरा घ्यावा लागला. जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ शिकवीत, तो काळही निजामी अमलाचाच. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य गेले. आज गाण्यावर कोणाची बंदी नाही. २०२५ साली 'वंदे मातरम्'ला दीडशे वर्षे झाली, तेव्हा समारंभ थाटात झाले. 'वंदे मातरम्' म्हटलेच पाहिजे, यासाठी निवेदने देणारे, मोर्चे काढणारे कार्यकर्ते गावोगावी आहेत. त्यात वावगे काहीच नाही. पण ते सुरात कोण शिकविणार, असा प्रश्न घेऊन पंचायत समितीच्या दारात कितीजण गेले? ज्या गीतासाठी तरुणांनी शिक्षणावर पाणी सोडले, ते मुलांनी बेसूर किंचाळावे, हा त्या गीताचा कसला सन्मान?

यावर एक उत्तर हमखास मिळते : आधी मुलांना वाचता तर येऊ द्या, गाणे मग बघू. ही चिंता खोटी नाही. २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचता आला नाही. परंतु ही निम्मी मुले गाण्याच्या तासामुळे मागे राहिली काय? तो तास नव्हताच! उलट पाढे चालीवर म्हणणाऱ्या पिढीला पाढे विसरणे जमले नाही. ज्या मुलाला शब्दातले ऱ्हस्व-दीर्घ कानाने कळते, त्याला ते कागदावर ओळखणे सोपे जाते. ओवी आणि अभंग निरक्षर माउलींच्या कंठात टिकले, ते लयीच्या बळावर. गोरोबाकाकांची कथा सर्वांना ठाऊक आहे. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी संतमंडळींच्या डोक्यांवर थापटणे मारून मडके कच्चे की पक्के, याची पारख केली. कुंभार मडके पारखतो, ते त्याच्या नादावरून. असा पारखी कान घडविणे हेही शिक्षणच नव्हे काय?

प्राथमिक शाळेतल्या संगीतासाठी रागांची नावे नकोत, परीक्षेचे गुण तर मुळीच नकोत. हाताने टाळी, पायाने चाल. सहा मात्रांचा दादरा आणि आठ मात्रांचा भजनी ठेका अंगात मुरला की पहिले वर्ष सार्थकी लागले. मग षड्ज. तो एकच स्वर तीस मुलांनी एकत्र लावणे, शेजारच्याचा आवाज ऐकून आपला आवाज त्यात मिळविणे, हा समरसतेचा पाठ कोणत्याही भाषणाहून खोल जातो. तेथे जात विचारली जात नाही, कोणाच्या बापाची जमीन किती, हेही नाही. त्यानंतर गावातलेच गाणे : भूपाळी, भारूड, आराध्यांचे गीत.

मध्यमवर्गीय घरांचेही थोडे चुकतेच. २००८-०९ मध्ये 'सारेगमप'चे 'लिटिल चॅम्प्स' सुरू झाले की घरे दूरदर्शन संचासमोर खिळत. शेजारच्या लातूरचा रोहित राऊत त्यात होता, म्हणून मराठवाड्याचा ऊर भरून आला होता. कार्तिकी गायकवाडला गाणे वडिलांकडून मिळाले, आर्या आंबेकरला आईकडून. ज्यांच्या घरात गाणे नाही, त्यांच्या मुलांचे काय, हा प्रश्न टाळ्यांत विरून गेला. ऐपत असलेल्यांनी शहरात क्लास लावले आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचा विषय सोडून दिला.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्थानिक कलांच्या जाणकारांना शाळेत निदेशक म्हणून नेमण्याची शिफारस केली आहे. त्या शिफारशीचा आधार घेऊन धाराशिव जिल्हा परिषदेने प्रत्येक केंद्राला एक फिरता संगीत शिक्षक द्यावा. आठवड्यातून एक तास प्रत्येक शाळेच्या वाट्याला आला तरी पुरे. गोंधळी, आराधी, भजनी मंडळातील पेटीवाले, पखवाजी यांची नावे गावागावांतून घ्यावीत, त्यांना योग्य मानधन द्यावे. फुकटची सेवा मागून कलावंताचा अपमान करू नये. निर्णय होईपर्यंत कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील मुख्याध्यापकांना भेटून शनिवारचा एक तास मागून घ्यावा आणि मंदिरातली पेटी तेवढ्यापुरती शाळेत न्यावी. सुरुवात मात्र काळी चार-पाचच्या आसपास, मुलांच्या पट्टीत करावी.