घटना, विधिमंडळ आणि आपली सोसायटी

घटना बदलते दिल्ली, तिथे आपल्या आमदाराचे काय काम, असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे. घटनादुरुस्तीचे विधेयक संसदेतच मांडता येते. राज्याच्या विधिमंडळाने फार तर ठराव करून केंद्राला विनंती करावी.

पण राज्यांच्या अधिकाराला हात लागत असेल, तर निदान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. सहकार हा राज्यांचा विषय. तरी संसदेने २०११ साली मंजूर केलेली ९७ वी घटनादुरुस्ती अशा संमतीवाचूनच २०१२ साली लागू झाली. संचालक २१ च्या वर नकोत, मुदत ५ वर्षे, महिलांना २ जागा, असे नियम तीत होते. २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या सहकारी संस्थांपुरते ते प्रकरण रद्द ठरवले. नियम वाईट म्हणून नव्हे, राज्यांची संमती नव्हती म्हणून.

मग जुन्नरचा विघ्नहर कारखाना, आंबेगावचा भीमाशंकर आणि तुमच्या गावची सोसायटी यांचे नियम कोणाच्या हाती? आपल्याच विधिमंडळाच्या. त्याने केलेला १९६० चा सहकार कायदा हा यांचा आधार. वरचे नियमही २०१३ साली याच कायद्यात घातले गेले.

तेव्हा आमदार मते मागायला आले, की रस्ता-पाणी जरूर विचारा. त्याबरोबर सहकार कायद्यात काय बदल होतो आहे, हेही विचारा. ऊस तुमचा, भागभांडवल तुमचे. मग प्रश्नही तुम्हीच विचारायचा.