‘फी माफ’ म्हणजे खर्च माफ? एमबीबीएसचा पसंतीक्रम भरण्याआधी हे वाचा

घरात याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, अशा मुलीसाठी ‘नीट’नंतरची खरी परीक्षा असते सीईटी सेलचा पसंतीक्रम. २०२४-२५पासून राज्यात वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी कुटुंबांतील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. याच गटांतील मुलांना मात्र ५० टक्केच, आणि खासगी कॉलेजची अर्धी फीसुद्धा लाखांत जाते.

सवलत ‘कॅप’मधून झालेल्या प्रवेशालाच मिळते. मॅनेजमेंट कोटा आणि खासगी अभिमत विद्यापीठे त्यात नाहीत. ‘विद्यापीठ’ शब्द वाचून सरकारी समजणारे पालक नेमके इथेच फसतात.

शिवाय वसतिगृह, मेस, अनामत, पुस्तके खिशातूनच. तेही साडेचार वर्षे. त्यामुळे जवळच्या खासगी कॉलेजपेक्षा नंदुरबार किंवा सिंधुदुर्गचे नवे शासकीय कॉलेज यादीत वर ठेवणे परवडते. नव्या ठिकाणी प्राध्यापक कमी असल्याची तक्रार खोटी नाही. पण पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच मिळते. शासकीय कॉलेजनंतर वर्षभराची बंधपत्रित सेवा असते, ती पगारी असते.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर निकालाची वाट न पाहता काढून ठेवा. तहसीलची रांग प्रवेशफेरीसाठी थांबत नाही.