क्लार्क लॉगिन

महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरा, पैसे थेट खात्यात येतील, मध्ये कुणाचा हात लागणार नाही, असं महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना सांगितलं जातं. या हेतूबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मध्ये एक माणूस आहे. विद्यार्थ्याने घरून किंवा नेट कॅफेतून अर्ज पाठवला की तो आधी कॉलेजच्या कार्यालयात, पोर्टलवर ज्याला क्लार्क लॉगिन म्हणतात तिथे येऊन थांबतो. तिथून प्राचार्यांच्या लॉगिनला, आणि मग समाजकल्याण, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण, उच्च शिक्षण, तंत्रशिक्षण, ज्याची योजना असेल त्या विभागाकडे. पहिल्या पायरीवरच्या माणसाने अर्ज उघडला नाही, तर पुढचं सगळं सरकार त्या मुलाच्या उपयोगाचं नाही.

उच्च शिक्षणावर लिहिताना आपण प्राध्यापक भरतीवर बोलतो, अभ्यासक्रमांवर बोलतो, नॅकच्या श्रेणीवर तर फारच बोलतो. स्कॉलरशिपच्या खिडकीत बसणाऱ्यांवर कुणी बोलत नाही. गरिबाच्या पोराचं शिक्षण तिथे अडतं किंवा तिथून सुटतं, म्हणून आजचा लेख त्यांच्यावर.

तालुक्याच्या कॉलेजात स्कॉलरशिप विभाग म्हणजे कार्यालयातला एक कोपरा, एक संगणक, एक स्कॅनर आणि कपाटभर फायली. अनुदानित कॉलेज असेल तर तिथे एक कनिष्ठ लिपिक असतो. बोनाफाइड, टीसी आणि परीक्षेचे फॉर्म हेही बहुधा त्याच्याकडेच. विनाअनुदानित असेल तर संस्थेने ठोक पगारावर घेतलेली, नुकतीच पदवीधर झालेली एखादी मुलगी. प्रशिक्षण म्हणाल तर आधीच्या माणसाने जाताना जे दाखवलं तेवढंच.

आणि काम साधं नाही. अर्ज येण्याच्या आधीच ते सुरू होतं. कॉलेजात कोणकोणते अभ्यासक्रम आहेत आणि प्रत्येकाची मंजूर फी किती, हे पोर्टलवर भरून विभागाकडून मान्य करून घ्यावं लागतं. ते राहिलं तर विद्यार्थ्याला यादीत स्वतःचा अभ्यासक्रमच सापडत नाही, आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून तो गप्प बसतो. मग कागद. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर जात वैधता, अधिवास, गुणपत्रिका, रेशनकार्ड, मधलं वर्ष वाया गेलं असेल तर त्याचा खुलासा. एकाची तारीख उलटलेली असते, एकाचा फोटो वाचता येत नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव एक, आधारवर दुसरं. शिकता शिकता लग्न झालेल्या मुलीचं आधार सासरच्या नावाने आणि सगळ्या गुणपत्रिका माहेरच्या नावाने. यंत्राला ती दोन माणसं वाटतात. ती एकच मुलगी आहे हे खिडकीतल्या माणसाला ठाऊक असतं, कारण तिला तो पहिल्या वर्षापासून बघतो आहे.

सगळ्यात जास्त जीव खातं ते बँक खातं. खात्याला आधार नंबर जोडलेला असणं पुरेसं नाही; सरकारी पैसे कोणत्या बँकेत टाकायचे याची नोंद, म्हणजे सीडिंग, एनपीसीआय या राष्ट्रीय पेमेंट संस्थेकडे वेगळी असते, आणि पैसे त्या नोंदीप्रमाणे जातात. मुलाने शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं, नंतर व्यवहार नसल्याने बंद पडलेलं खातं तिथे असेल, तर अर्ज मंजूर होऊनही रक्कम हाती पडत नाही. मुलगा बँकेत जातो. तिथे सांगतात, आधार लिंक आहे. तो परत कॉलेजात येतो. लिपिक सांगतो, लिंक नाही रे, सीडिंग बघायला सांग. मुलगा पुन्हा एसटीने बँकेत. त्याच्या वडिलांची त्या दिवशीची मजुरी बुडालेली असते, कारण सोबत कुणीतरी मोठं माणूस पाहिजे म्हणून ते आलेले असतात. अशा वेळी मुलाला एका चिठ्ठीवर बँकेत नेमकं काय म्हणायचं ते लिहून देणारा लिपिक आणि ‘माझं काम नाही’ म्हणणारा लिपिक, यांच्या पगारात एका रुपयाचाही फरक नसतो.

या योजनांची मुळं जुनी आहेत. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 साली सुरू झाली, डॉ. आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. आज तिची कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. डिसेंबर 2020 मध्ये केंद्राने तिच्या खर्चातला 60 टक्के वाटा उचलायचं ठरवलं आणि पाच वर्षांसाठी 59,048 कोटी रुपयांची योजना मंजूर केली, त्यात केंद्राचे 35,534 कोटी. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी त्याने कॉलेजात आणून भरायची असते.

कागदावर हे विद्यार्थ्याच्या मानाचं आहे, आणि मला ते तत्त्व म्हणून मान्यही आहे. पण ज्या घरात महिनाअखेरीला किराणा उधारीवर येतो, त्या घरातल्या खात्यावर अचानक काही हजार रुपये दिसले आणि त्याच आठवड्यात आईला दवाखान्यात न्यावं लागलं, तर ते पैसे फीसाठी राहत नाहीत. मग संस्था लिपिकाला सांगते, फोन लाव, वसूल कर. काल ज्या मुलाचा अर्ज भरून घ्यायला हा माणूस सुट्टीच्या दिवशी थांबला होता, त्याच मुलाला आज त्याने पैशांसाठी तगादा लावायचा. हा भार आपण त्याच्यावर टाकला आणि त्याला विचारलंही नाही.

जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं. फार चांगला निर्णय. त्याने किती बापांनी मुलीचं नाव इंजिनिअरिंगला घालायचं धाडस केलं असेल! पण त्या मुली प्रवेशाला आल्या तेव्हा खिडकीवर माणूस तेवढाच होता. शिवाय माफी म्हणजे सरकार कॉलेजला रक्कम देणार आणि ती यायला वेळ लागणार; तोवर काही संस्था आधी फी भरा म्हणतात. असं करू नका, अशी परिपत्रकं शासन काढत असतं. ते परिपत्रक वाचलेला बाप आणि संस्थाचालकाचा तोंडी हुकूम ऐकलेली ठोक पगारावरची मुलगी, अशी ती समोरासमोरची गाठ असते. शिव्या ती खाते. हुकूम देणारा त्या खोलीत नसतो.

पोर्टल उगाच आलेलं नाही, हेही सांगायला हवं. शिष्यवृत्त्यांमध्ये मोठे गैरव्यवहार झाले होते आणि त्यासाठी विशेष चौकशी पथक बसलं होतं. त्यानंतर 2017 मध्ये योजना एका पोर्टलवर आल्या. पहिल्याच वर्षी ते इतकं अडखळलं की शेवटी कागदी अर्ज घ्यावे लागले. आजही कुठे फॉर्म पुढे सरकवायला खिडकीवर पैसे मागितले जात असतील, तर त्या माणसाची गय करू नये. तो समोरच्या पोराच्या ताटातलं काढून घेतो. पण थोड्यांच्या चोरीवरचा इलाज म्हणून आपण सगळ्यांच्या हातातला अधिकार काढला आणि जबाबदारी मात्र तिथेच ठेवली. विद्यार्थ्याने नवीन अर्जाऐवजी नूतनीकरण निवडलं किंवा उलटं केलं, तर ती चूक लिपिकाला डोळ्यांनी दिसते, दुरुस्त करता येत नाही. अर्ज परत पाठवायचा, मुलाने पुन्हा भरायचा, आणि तोवर मुदत संपत आलेली असते. शेवटच्या दिवसांत साइट उघडत नाही, म्हणून हे लोक रात्री उशिरा बसतात, पहाटे उठून बघतात. त्याचा जादा भत्ता मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही.

2023 च्या फेब्रुवारीत राज्यातल्या विद्यापीठांच्या आणि कॉलेजांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी संप केला, तेव्हा मथळे झाले ते परीक्षा रखडल्याचे. रिक्त जागा भरा, हीही त्यांची एक मागणी होती. तिच्याकडे नीट पाहिलं असतं तर लक्षात आलं असतं की शिक्षकेतर पद रिकामं राहिलं म्हणजे नुसता सरकारचा पगार वाचला असं नसतं. त्या पदावरच्या माणसाने जे अर्ज वेळेत पुढे पाठवले असते, ते अडकतात. त्या अर्जांवरचे पैसे अर्थसंकल्पात असतात, योजनेत असतात, फक्त मुलापर्यंत पोहोचत नाहीत. पुढच्या वर्षी तो मुलगा हजेरीपटावर नसतो आणि गळतीच्या आकड्यात मोजला जातो. कुणीही म्हणत नाही की तो एका न उघडलेल्या अर्जामुळे गेला.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. ज्या कॉलेजात शिष्यवृत्तीचे विद्यार्थी शेकड्यांनी आहेत, तिथे या कामासाठी स्वतंत्र, मंजूर, कायम पद हवं. परीक्षा आणि टीसी सांभाळून उरलेल्या वेळात करायचं हे काम नाही. किरकोळ चूक विद्यार्थ्याच्या संमतीने, त्याच्या मोबाइलवरच्या ओटीपीने, कॉलेजातच दुरुस्त करता आली पाहिजे. समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयाने वर्षातून एकदा तरी या लिपिकांना बोलावून बदललेले नियम समजावून सांगावेत, आणि येण्याजाण्याचा खर्च द्यावा. प्राचार्यांनी, कार्यालयात कुणी आहे-नाही याची चौकशी करतानाच, क्लार्क लॉगिनला आज किती अर्ज पडून आहेत हेही रोज विचारावं. पालकांनीही विचारावं, तो त्यांचा हक्क आहे. पुढच्या वर्षीचे अर्ज सुरू होण्याआधी उच्च व तंत्रशिक्षण विभागाने निदान पदांचा निर्णय घ्यावा, ही माझी जाहीर मागणी आहे.