सिम सांगलीत, खातेदार एडिसनमध्ये

परदेशातल्या मुलांकडे सहा महिन्यांसाठी जाणारे माझ्या वयाचे पुष्कळ आईवडील निघण्यापूर्वी एक व्यवस्था करून जातात. बँकेशी जोडलेलं सिम एका जुन्या फोनमध्ये घालतात आणि तो फोन पुतण्याकडे, भाचीकडे किंवा शेजारी ठेवतात. तिकडून पैसे पाठवायचे झाले की व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप जातो, "अरे, आत्ता एक ओटीपी येईल, तेवढा वाचून दाखव." पुतण्या वाचून दाखवतो, काम होऊन जातं, आणि यात काही गैर घडलं असं कुणालाच वाटत नाही.

मला वाटतं. सांगलीतल्या एका सहकारी बँकेत माझी सगळी नोकरी झाली. काउंटरवर येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला मी कळकळीने सांगत आले, की ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, अगदी बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्यालाही नाही. आता लेकीकडे न्यूजर्सीत एडिसनला माझं जाणं-येणं असतं आणि संध्याकाळी पार्कमध्ये भेटणारी आपली माणसं नेमकं तेच करताना दिसतात. हौसेने कुणी करत नाही. रोज मेसेज पाठवून आपल्याला सावध करणाऱ्या बँकांनीच अशी रचना केली आहे, की परदेशी गेलेल्या प्रामाणिक खातेदाराला ओटीपी दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय स्वतःचे पैसे हलवता येत नाहीत. एकदा ही सवय अंगवळणी पडली, की उद्या फोनवर कुणी गोड बोलून आकडा मागितला तर तो सांगताना जीभ अडखळत नाही. आणि मग नियम काय म्हणतो? रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकानुसार, खातेदाराने गोपनीय माहिती स्वतः दुसऱ्याला दिली असेल, तर तो बँकेला कळवेपर्यंत झालेलं सगळं नुकसान त्याचंच.

सिम सोबत न्यावं, तर तेही पुरत नाही. मी माझं सिम सोबत नेते. निघण्याआधी रिचार्ज आणि आंतरराष्ट्रीय रोमिंग दोन्ही चालू करून घेते. तरीही माझ्या थोरल्या भावाला मिरजेत हॉस्पिटलमध्ये दाखल केलं तेव्हा काय झालं ते सांगते. वहिनी एकट्या होत्या. डिपॉझिट लगेच भरायचं होतं. तिकडे भर दुपार, एडिसनला पहाट. माझ्या खात्यात पैसे होते, पण हॉस्पिटलचं खातं लाभार्थी म्हणून जोडायला ओटीपी हवा होता आणि तो येईना. पुन्हा मागवला, पुन्हा वाट पाहिली. थोड्या वेळाने बँकेच्या यंत्रणेने ती सोयच बंद केली. बँकेचा टोल फ्री नंबर अमेरिकेतून लागत नाही. दुसरा नंबर शोधून लावला, तर उत्तर मिळालं की मेसेज आमच्याकडून गेलाय, नेटवर्क तुम्ही बघा. मोबाइल कंपनी म्हणाली, आमच्याकडे काही अडकलेलं नाही, बँकेला विचारा. सकाळ झाल्यावर सगळे ओटीपी एकामागोमाग येऊन पडले. सगळ्यांची मुदत केव्हाच संपली होती. भाच्याने स्वतःच्या खिशातून पैसे भरले म्हणून दादांवर उपचार सुरू झाले. ज्याला असा भाचा नाही त्याने काय करायचं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

खरं तर या कामासाठी एसएमएस जन्मालाच आलेला नाही. डिसेंबर १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये पहिला एसएमएस गेला, तो नाताळच्या शुभेच्छांचा होता. आपण परदेशात असतो तेव्हा भारतातल्या कंपनीचं मेसेज केंद्र आधी शोध घेतं, की हा ग्राहक सध्या कुणाच्या नेटवर्कवर आहे. मग तिथल्या कंपनीमार्फत मेसेज फोनपर्यंत न्यायचा प्रयत्न होतो. फोन सापडला नाही तर मेसेज राखून ठेवला जातो आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पाठवून पाहिला जातो. तो अमुक वेळेत पोचेलच अशी हमी या व्यवस्थेत कुठेच नाही. बँकेचं घड्याळ मात्र काही मिनिटांतच थांबतं. त्यातच अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं आणि ऑस्ट्रेलियात टेलस्ट्रा व ऑप्टसने ऑक्टोबर २०२४ मध्ये. इथे धडधाकट चालणारे कित्येक जुने फोन तिथे उतरल्यावर नेटवर्कच पकडत नाहीत. आणि हे फक्त परदेशाचंच दुखणं आहे असंही नाही. ८ मार्च २०२१ रोजी व्यावसायिक मेसेजची नवी गाळणी लागू झाली, तेव्हा देशभर ओटीपी तुंबले आणि दूरसंचार नियामक ट्रायला ती गाळणी सात दिवसांसाठी थांबवावी लागली.

नंबर टिकवणं हे आणखी वेगळं काम. अमेरिकेत भेटीच्या व्हिसावर साधारण सहा महिने राहता येतं. ट्रायच्या २०१३च्या नियमानुसार प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरात नसेल तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील तरच तो वाचतो. बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. म्हणजे जन्मभराची पुंजी ज्या नंबरावर उभी आहे, तो नंबरच आपण नातवंडांत रमलेले असताना अनोळखी माणसाच्या फोनमध्ये जाऊ शकतो. आधारलाही परदेशी नंबर जोडता येत नाही. प्राप्तिकराचं रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांत पडताळणी करायची असते, ती आधारच्या ओटीपीने करणाऱ्यांची इथेही अडचण होते. त्यांना दुसरे मार्ग आहेत, अगदी सही केलेला कागद बंगळुरूला टपालाने पाठवण्याचासुद्धा, पण परदेशात बसून ते शोधणं सत्तरीच्या माणसाला सोपं नाही.

दुसऱ्या टप्प्याची ही पडताळणी आपल्याकडे आली याचा बँकेतली बाई म्हणून मला अभिमानच आहे. १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला कार्डावर न छापलेली जादा माहिती सक्तीची झाली आणि त्यामुळे असंख्य लोकांचे पैसे वाचले. ती सक्ती राहिलीच पाहिजे. पण दुसरा टप्पा म्हणजे एसएमएसच, असं रिझर्व्ह बँकेने कधी म्हटलं नव्हतं. बँकांनी स्वस्त आणि सोपा म्हणून तो मार्ग धरला आणि धरूनच ठेवला. तो फार सुरक्षित आहे म्हणावं, तर २०१८च्या अखेरीस मुंबईतल्या एका व्यापाऱ्याचं सिम ठगांनी आपल्या ताब्यात घेतलं आणि एका रात्रीत १ कोटी ८६ लाख रुपये काढून नेले.

जमणारं तंत्र नवं नाही. दर ३० सेकंदांनी बदलणारा आकडा फोनमध्येच तयार करणारी पद्धत २०११ पासून प्रमाणित आहे. गूगल ऑथेंटिकेटरसारखी अ‍ॅप त्यावरच चालतात. विमानात फोनचं नेटवर्क बंद असलं तरी तो आकडा दिसतो, कारण त्याला लागतं फक्त आधी ठरलेलं गुपित आणि बरोबर चालणारं घड्याळ. ज्यांना अ‍ॅप झेपत नाही त्यांच्यासाठी किल्लीच्या जुडग्यात मावणारं टोकन असतं. कंपन्यांच्या खात्यांना काही बँका ते कित्येक वर्षं देत आल्या आहेत. पेन्शनरला का देत नाहीत? सिंगापूरने जुलै २०२४ मध्ये ठरवलं, की ज्या खातेदारांकडे डिजिटल टोकन आहे त्यांच्या लॉगिनसाठी ओटीपी तीन महिन्यांत काढून टाकायचा. संयुक्त अरब अमिरातीतल्या बँकांनी जुलै २०२५ पासून एसएमएसवरचा ओटीपी मागे घ्यायला सुरुवात केली.

आपल्या बँकांची अ‍ॅप आहेत, हे मला माहीत आहे. पण त्यातल्या बहुतेकांची नोंदणी त्याच फोनमधल्या भारतीय सिमवरून मेसेज पाठवून होते. परदेशात फोन पडला, फुटला, नवा घेतला, की पुन्हा त्याच दारात उभं राहायचं. जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांतल्या परदेशी नंबरांवर यूपीआय द्यायला परवानगी मिळाली, तीही अनिवासींच्या एनआरई आणि एनआरओ खात्यांसाठी. लेकीकडे बाळंतपणाला गेलेली आई अनिवासी नसते. तिचं खातं साधं बचत खातं असतं आणि तिचा विचार त्या सोयीत कुठेच नाही.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये पडताळणीचे नवे निर्देश काढले आणि त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख दिली. दोन टप्पे त्यात कायम आहेत, एसएमएसलाही बंदी नाही, पण दुसऱ्या पद्धती आणायला बँकांना स्पष्ट वाट करून दिली आहे. म्हणजे आता बोट दाखवायला नियम उरलेला नाही. प्रत्येक बँकेने, सहकारी बँकांनीही, नेटवर्कशिवाय चालणारा किमान एक पर्याय साध्या बचत खातेदाराला शाखेतच, समोर बसवून, चालू करून दिला पाहिजे. परदेशातून लागणारा आणि माणूस उचलेल असा एक नंबर पासबुकावर छापला पाहिजे. आणि सिम घरी ठेवून गेलेल्या माणसाची फसवणूक झाली तर "ओटीपी तुम्हीच सांगितलात" एवढं म्हणून हात झटकायचा हक्क, असा पर्याय न देणाऱ्या बँकेला असता कामा नये.

वाचकांपैकी ज्यांचे आईवडील या वर्षी परदेशी निघणार आहेत, त्यांनी तिकिटाआधी त्यांना शाखेत घेऊन जावं. एसएमएसशिवाय पडताळणीची कुठली सोय देता, हे बँकेला लेखी विचारावं आणि उत्तरही लेखीच घ्यावं. असे अर्ज शाखाशाखांतून येऊ लागले की मुख्य कार्यालयाला त्यांची दखल घ्यावी लागते. टेबलाच्या पलीकडे बसून मी ते पाहिलेलं आहे.