हयेच्या नावाखाली लपवलेला आजार

रेल्वेने कुठल्याही मोठ्या गावात शिरताना रुळांकडेच्या भिंतींवर एकच मजकूर दिसतो: मर्दाना कमजोरी, गुप्तरोग, हमखास इलाज. रस्त्याकडेचे तंबू आणि 'खानदानी' दवाखाने याच मजकुरावर चालतात. ते चालतात, कारण पन्नाशी ओलांडलेला पुरुष हा विषय बायकोजवळ काढत नाही, डॉक्टरांजवळ काढत नाही आणि दोस्तांमध्ये निघाला तर थट्टेवारी नेतो. वर म्हणतो, दीनदार माणसाने असलं बोलू नये, हया असावी.

माझा आक्षेप या सबबीवर आहे. दीनमध्ये तिला आधार नाही.

हजरत अली (रजि.) यांना मजीचा, म्हणजे कामेच्छेने पाझरणाऱ्या पातळ द्रवाचा त्रास होता. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांचे सासरे. स्वतः विचारायची लाज वाटली, म्हणून त्यांनी हजरत मिकदाद (रजि.) यांना विचारायला सांगितलं. लाज होती, पण तिच्यापायी प्रश्न अडून राहिला नाही. हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांनी तर स्त्रीच्या स्वप्नदोषाविषयी प्रेषितांना थेट विचारलं. दोन्ही प्रसंग बुखारी आणि मुस्लिम या हदीससंग्रहांत आहेत. ज्या दीनने हे प्रश्न जपून पुढच्या पिढ्यांना शिकवले, त्याच दीनचं नाव घेऊन आपला साठीचा माणूस डॉक्टरांसमोर तोंड मिटून बसतो!

दुसरी सबब वयाची. 'वय झालं, आता काय करायचं?' यावरही हदीस आहे. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांनी नोंदवलेल्या हदीसमध्ये प्रेषितांनी उपचार घ्यायला सांगितलं आहे. अल्लाहने प्रत्येक आजारावर औषध ठेवलं आहे, अपवाद फक्त म्हातारपणाचा, असा तिचा आशय आहे. म्हणजे म्हातारपण वेगळं आणि आजार वेगळा. आपण नेमकी याचीच गल्लत करतो.

म्हातारपण म्हणजे काय ते आधी पाहू. चाळिशीच्या आसपासपासून पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन वर्षाला साधारण 1 टक्क्याने उतरत जातं. ताठरता यायला वेळ लागतो. पूर्वी नुसत्या विचाराने यायची, आता स्पर्श लागतो. वीर्य कमी येतं. एका संबंधानंतर पुन्हा तयार व्हायला कधी अख्खा दिवस जातो. हे केस पांढरे होण्यासारखं आहे. याला औषध नको, नवरा-बायकोने एकमेकांना थोडा जास्त वेळ द्यावा, एवढंच.

आजार वेगळा. ताठरता येतच नाही किंवा टिकत नाही, आणि हे तीन-तीन महिने चालतं, तेव्हा शरीर काहीतरी सांगत असतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये 40 ते 70 वयाच्या पुरुषांचा मोठा अभ्यास झाला. 1994 साली त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा 52 टक्के पुरुषांना कमी-अधिक प्रमाणात ही तक्रार असल्याचं दिसलं. म्हणजे ज्याला वाटतं की हे फक्त माझ्याच नशिबी आलं, त्याने मस्जिदीत आपल्या सफमधल्या समवयस्कांवर नजर टाकावी.

ताठरता हे रक्तप्रवाहाचं काम आहे. लिंगाच्या धमन्या जेमतेम 1 ते 2 मिलिमीटरच्या, हृदयाच्या 3 ते 4 मिलिमीटरच्या. धमन्या आतून खराब होऊ लागल्या की बारीक नळी आधी तुंबते. म्हणून हृदयविकाराची लक्षणं दिसण्याआधी, पुष्कळदा दोन ते पाच वर्षं आधी, ही तक्रार सुरू होते. मधुमेह तर नसा आणि रक्तवाहिन्या दोन्ही पोखरतो. तंबाखू, नैराश्य, ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या हीही कारणं असतात. ज्या गोष्टीला आपण लाजतो, ती कधी कधी हार्ट अटॅकची आगाऊ सूचना असते. ती लपवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

तंबूतला हकीम यातलं काय तपासतो? ना शुगर, ना प्रेशर. तो पुडी देतो. अशा पुड्यांमध्ये कधी शिसं-पारा सापडतो, तर कधी गुपचूप मिसळलेलं सिल्डेनाफिल. हेच व्हायग्रामधलं औषध. 1998 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलं तर ते उपयोगी आहे. पण छातीत दुखतं म्हणून जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्याने ते घेतलं तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. पुडीत काय आहे हे घेणाऱ्याला ठाऊकच नसतं. लैंगिक ताकदीच्या औषधांच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. तरी भिंती रंगलेल्याच आहेत.

आणि बायकोचं काय? फिकहच्या विद्वानांनी 'इन्नीन', म्हणजे संबंध ठेवू न शकणाऱ्या नवऱ्याला, उपचारासाठी एक वर्षाची मुदत दिली. 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यातही लग्नापासून नपुंसक असलेल्या नवऱ्याने मागितल्यास वर्षाची मुदत आहे, आणि त्यानंतरही फरक पडला नाही तर पत्नीला सुटका आहे. म्हणजे शरीयतने यात पत्नीचा हक्क मानला आणि इलाजाची वाटही ठेवली. आपण काय करतो? 'तिच्यातच आता काही राहिलं नाही' म्हणून खापर तिच्या डोक्यावर फोडतो. काही जण तर दुसरा निकाह करून मर्दानगी सिद्ध करायला निघतात. तुंबलेली धमनी नवी नवरी आणल्याने मोकळी होत नाही.

म्हणून भाईजान, चाचाजान, ही तक्रार असेल तर उद्याच नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. शुगर, ब्लडप्रेशर, कोलेस्टेरॉल तपासा, हृदयाबद्दल विचारा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, हजरत अलींनीही निरोपच पाठवला होता. आणि इमामसाहेबांना माझी विनंती आहे: गुसलचे नियम तुम्ही न लाजता शिकवता, तसा एका जुम्म्याला हा विषयही घ्या.