वाद्यांचा उत्सव आणि वादकांची मजुरी

लोकसंगीताचे महोत्सव भरविण्याची हौस अलीकडे महाराष्ट्रात वाढली आहे. शहरातील एखादे सभागृह, दोनतीन दिवसांचे कार्यक्रम, संध्याकाळी गोंधळ, भारूड आणि पोवाडे, सकाळी हौशी मंडळींसाठी संबळ, तुणतुणे वा हलगी यांची कार्यशाळा, असा त्यांचा साचा आता ठरून गेला आहे. या उपक्रमांची टवाळी करण्याचे कारण नाही. ध्वनिवर्धकांच्या भिंती रचून कानठळ्या बसविण्याच्या या काळात माणसाच्या बोटांनी आणि मनगटाने वाजणारी वाद्ये चार लोकांनी ऐकावीत, हाताळून पाहावीत, हे चांगलेच आहे. परंतु ही वाद्ये ज्या गावांत वाढली त्या गावांत आज त्यांचे आणि ती वाजविणाऱ्यांचे काय झाले आहे, हा प्रश्न या सभागृहांत सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारावयाचा तर असा महोत्सव गावात भरवावा लागेल. त्यासाठी मी जालना जिल्ह्यातील जांब समर्थ या गावाचे नाव सुचवितो. मात्र तो काही अटींवर भरावा, असे माझे म्हणणे आहे.

घनसावंगी तालुक्यातील हे गाव समर्थ रामदासांचे जन्मगाव. परंपरेनुसार १६०८ साली रामनवमीच्या दिवशी त्यांचा जन्म येथे झाला. चैत्रातील रामनवमीचा उत्सव हा या गावाचा मोठा सोहळा आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये येथील राममंदिरातील प्राचीन मूर्ती चोरीला गेल्या तेव्हा साऱ्या महाराष्ट्रात खळबळ उडाली, विधिमंडळात प्रश्न उपस्थित झाला, तपासाची चक्रे फिरली आणि पुढे मूर्तींचा शोध लागला. हे योग्यच झाले. गावाचा ठेवा गावाला परत मिळालाच पाहिजे. परंतु याच मराठवाड्यात गावोगावचे संबळ, दिमड्या आणि हलग्या गेल्या दोन पिढ्यांत एकेक करून नाहीशा होत आहेत, त्याची फिर्याद कोणत्या ठाण्यात नोंदली गेली? मूर्ती गेली तर गाभारा रिकामा दिसतो. वादक ऊसतोडीला गेला आणि त्याचा मुलगा वाजवायला शिकलाच नाही, तर रिकामे झालेले कोणाला दिसत नाही.

या मातीशी त्या वाद्यांचे नाते वरवरचे नाही. पैठण येथून फार दूर नाही. तेथे एकनाथांनी वासुदेव, जोशी, गोंधळी यांची रूपे घेऊन भारुडे रचली. समाजाच्या तळाशी फिरणाऱ्या या कलावंतांची भाषा आणि चाल नाथांनी उसनी घेतली, हे आपण कौतुकाने सांगतो. रामदासांच्या नावावरही डफगाणी आहेत. म्हणजे डफ हे वाद्य या गावच्या संतालाही वर्ज्य नव्हते. हलगी ही त्या डफाचीच धाकटी बहीण. पण ती वाजविणारा माणूस मात्र शतकानुशतके वेशीबाहेर राहिला. लग्नाच्या वरातीत, जत्रेत, पोळ्याला, देवीच्या पालखीपुढे तो हवा असे. पंगत बसली की तो नको असे.

लोकवाद्यांच्या प्रश्नाचे मूळ येथे आहे. संबळ गोंधळ्याचा, दिमडी वाघ्याची, हलगी मांगाची, नगारा लमाणांच्या तांड्यावरचा, अशी वाद्यांची जातवारी गावगाड्याने करून ठेवली होती. कलावंताला मोबदला मिळे तो सुगीच्या वेळी खळ्यावरून, बलुत्याच्या किंवा मागत्याच्या रूपाने. त्यात कौशल्याचे मोल नव्हते. वाजविणे हे कर्तव्य आणि धान्य ही मेहेरबानी, असा तो हिशेब होता. गावगाडा मोडला हे इष्टच झाले. परंतु बलुते गेले तेव्हा त्याच्या जागी रोख, ठरलेली, मानाची मजुरी यावयास हवी होती, ती आली नाही. लग्नाची सुपारी पूर्वी वाजंत्र्यांना मिळे, ती आधी बँजो पार्टीकडे आणि मग डीजेवाल्याकडे गेली. डीजेचा धंदा भांडवलावर चालतो आणि भांडवल ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे त्याची कमाई जाते. हलगीवाल्याकडे भांडवल म्हणून त्याचे दोन हात तेवढे होते.

याउलट उदाहरणही आपल्या डोळ्यांसमोर आहे. पखवाज मरणपंथाला लागला, असे कोणी म्हणत नाही. मराठवाड्यातील गावागावांत हरिनाम सप्ताह होतात. प्रत्येक सप्ताहाला कीर्तनकाराबरोबर मृदंगाचार्य लागतो, टाळकरी लागतात. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली तेव्हापासून शेतकऱ्यांची मुले तेथे जातात, कीर्तनाबरोबर मृदंगाची साथ शिकतात आणि गावी परततात. डाव्या तोंडाला कणीक लावण्यापासून वाद्या ताणून सूर जुळविण्यापर्यंतचे सारे ज्ञान त्यामुळे हातोहात पुढे जात राहिले. म्हणजे वाद्य टिकण्यास तीन गोष्टी लागतात: वर्षभर मागणी, शिकण्याची सोय आणि वाजविणाऱ्यास प्रतिष्ठा. पखवाजाला तिन्ही मिळाल्या. हलगी, संबळ आणि तुणतुणे यांना तिन्ही नाकारल्या गेल्या. काळ बदलला म्हणून ती वाद्ये मागे पडली, हे अर्धसत्य आहे. काळ पखवाजासाठीही बदललाच होता.

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घेतला पाहिजे. हलगी हे ज्यांच्यासाठी दास्याचे चिन्ह होते, त्यांनी ती खाली ठेवली तर त्याचे दुःख आपण का करावे? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावकीची हीन कामे सोडण्याचा आदेश दिला, त्यातून एक समाज ताठ मानेने उभा राहिला. वाजविणे नाकारणे हासुद्धा स्वातंत्र्याचा उच्चार आहे, आणि परंपरेच्या नावाने कोणी त्या तरुणांना पुन्हा हलगी गळ्यात बांधा असे सांगू लागला तर त्याला आपण ठाम विरोध केला पाहिजे. परंतु चिन्हाचा अर्थ बदलताही येतो. तमिळनाडूतील पऱै हे वाद्य असेच. तेथील एका दलित जातीचे नावच त्यावरून पडले. प्रेतयात्रेपुढे ते वाजविण्याची तिच्यावर सक्ती असे. तेथील दलित चळवळीने आधी ही सक्ती झुगारली आणि मग तेच वाद्य स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या सभांतून, मुलींच्या हाती देऊन वाजविले. २०२५ साली पऱैवादक वेलू आसान यांना पद्मश्री मिळाली. सक्ती मोडल्यानंतर जे उरते ते संगीत असते, आणि त्यावर पहिला हक्क ज्यांनी ते सांभाळले त्यांचा असतो. आपल्याकडेही सत्यशोधक जलसे आणि आंबेडकरी जलसे यांनी हेच केले होते. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने गिरणगावात डफ वाजविला तेव्हा तो कोणा पाटलाच्या वरातीपुढे वाजत नव्हता. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले आणि राम नगरकर यांच्यासारखे कलावंत पुढे आले, हाही आपल्याच चळवळीचा इतिहास आहे.

तथापि, चळवळींनीही या कलावंतांशी न्यायाने वागावे अशी अपेक्षा पुष्कळदा पुरी झालेली नाही. पुढारी येईपर्यंत आणि गर्दी जमेपर्यंत शाहिराने गावे, पुढारी आले की डफ बाजूला ठेवावा, हा शिरस्ता सर्वच पक्षांच्या सभांतून रूढ झाला. सरकारची तऱ्हा त्याहून निराळी नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान लाभला. २००२ साली त्या वारल्या तेव्हा रुग्णालयाचा खर्च लोकांच्या देणग्यांतून भागवावा लागला. पुढे त्यांच्या नावाने राज्य शासनाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. जिवंतपणी औषधाला पैसा नाही आणि मरणोत्तर नावाचा पुरस्कार, हा आपल्या सांस्कृतिक धोरणाचा ताळेबंद आहे.

ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे आणि २०२४ साली ते सरसकट दरमहा ५ हजार रुपये करण्यात आले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण हे मानधन हात थकल्यावर मिळते. वीस वर्षांच्या मुलाने संबळ शिकावा की साखर कारखान्याच्या मुकादमाची उचल घ्यावी, या निर्णयाच्या क्षणी ते कोणाच्याही उपयोगी पडत नाही. सांस्कृतिक कार्य संचालनालय लोककलांची प्रशिक्षण शिबिरे भरविते. तीही उपयुक्त आहेत, परंतु शिबिर संपल्यावर शिकलेल्याने काय करावयाचे, याचे उत्तर त्यांत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर आपण पुरवठ्याच्या दोन टोकांना थोडे पाणी शिंपडतो आणि मागणीकडे पाठ फिरवितो.

म्हणून जांब समर्थच्या महोत्सवाच्या अटी.

पहिली अट तिथीची. दसरा-दिवाळीनंतर या भागातील भूमिहीन कुटुंबे कोयता घेऊन बाहेर पडतात आणि फाल्गुन-चैत्रात परततात. जत्रांचा आणि सरकारी महोत्सवांचा हंगाम बरोबर या काळात येतो. ज्यांच्या घरी ही वाद्ये आहेत तेच लोक तेव्हा उसाच्या फडात असतात. हा महोत्सव रामनवमीनंतर, माणसे घरी आल्यावर भरला पाहिजे.

दुसरी अट मजुरीची. कार्यशाळेत शिकविणारा वादक हा शिक्षक आहे. त्याला शिक्षकाला शोभेल असे रोजचे वेतन मिळावे आणि त्याचा दर आधी जाहीर व्हावा. शाल, श्रीफळ आणि मानपत्र ही वेतनाची जागा घेऊ शकत नाहीत. वाजविणाऱ्याइतकेच मानाचे स्थान वाद्य मढविणाऱ्याला हवे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हलगीचे कातडे कमावून कड्यावर ताणणाऱ्या कारागिराचे नावही आपल्याला ठाऊक नसते. कातडे मिळणे अवघड होत चालले आहे आणि हलगीवर फायबरचे पान आले आहे. पावसात ते उतरत नाही, जाळावर शेकावे लागत नाही, म्हणून वादकाने ते स्वीकारले तर त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. गोव्यात घुमटावर घोरपडीचे कातडे चढवीत. वन्यजीव संरक्षणाच्या कायद्याने ते बंद झाले, कारागिरांनी शेळीचे कातडे वापरून पाहिले आणि घुमट वाजत राहिला. पुढे गोवा सरकारने त्याला वारसा-वाद्याचा मान दिला. असे प्रयोग आपल्या कारागिरांनाही करता आले पाहिजेत. त्यासाठी त्यांना वेळ आणि पैसा हवा.

तिसरी अट सातत्याची. तीन दिवसांचा उत्सव संपला की मांडव मोडतो. घनसावंगी तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांतून आठवड्याला एक तास लोकवाद्यांचा ठेवावा, तो शिकविण्यास गावचाच वादक ठरावीक वेतनावर नेमावा आणि शाळेची वाद्ये तालुक्यातील कारागिरांकडूनच विकत घ्यावीत. यास लागणारी रक्कम जिल्हा नियोजनाच्या आराखड्यात जड होईल अशी नाही. दुष्काळी जिल्ह्यात संगीतावर खर्च कशाला, असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगावे की, १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला रोजगार हमी शिकविली आणि १९७७ साली तिला कायद्याचे रूप मिळाले. गावात राहून काम मिळणे हा भूमिहीनाचा हक्क आहे, हे तत्त्व आपण तेव्हा मान्य केले. खडी फोडणे हे काम आणि संबळ शिकविणे हे काम नव्हे, असे त्या तत्त्वात कोठेही म्हटलेले नाही.

चौथी अट समतेची. कार्यशाळेत कोणत्याही जातीच्या मुलाने आणि मुलीने कोणतेही वाद्य उचलावे. पाटलाच्या मुलीने हलगी शिकावी, मातंगाच्या मुलाने वीणा गळ्यात घालावी. अमुक घरच्यांनीच अमुक वाद्य वाजवावे, असा आग्रह कोणी धरू नये, आणि कोणी वाजविण्यास नकार दिला तर त्या नकाराचाही आदर व्हावा. गुरू म्हणून हलगीवाला बसेल तेव्हा त्याच्यासमोर सवर्णांच्या मुलांनी शिष्य म्हणून खाली बसले पाहिजे. जांब समर्थच्या मंदिरासमोरील पटांगणात हे दृश्य दिसले, तर अनेक व्याख्यानांनी होणार नाही असे काम त्या एका सकाळी होईल.

हे कोणी करावयाचे? सरकार आपण होऊन करील या भरवशावर राहू नये. जालना जिल्ह्यातील साथींनी या उन्हाळ्यात एक काम अंगावर घ्यावे. गावोगाव फिरून वादकांची आणि वाद्य मढविणाऱ्यांची नोंदवही तयार करावी: कोण काय वाजवितो, कोणाकडून शिकला, वर्षाकाठी त्यातून किती मिळते, घरातील कोणी शिकतो आहे काय, मानधनाचा अर्ज केला काय आणि तो कोठे अडला. चोरीला गेलेल्या मूर्ती शोधण्यासाठी आधी त्यांचे वर्णन असावे लागते. आपल्या कलावंतांचे तेवढेही वर्णन आपल्या दप्तरी नाही. ही वही घेऊन ग्रामसभेत, पंचायत समितीत आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे. महोत्सवाची मागणी त्यानंतर करावी, म्हणजे तो कोणासाठी भरवावयाचा आहे याविषयी कोणाच्याही मनात संदेह राहणार नाही.